मराठीत हुशार, म्हणून गणितात कच्ची?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या गटाची शनिवारची बैठक संपून बाया उठत होत्या. काजूच्या कारखान्यात सोलाईचे काम करणारी आमची एक ताई मात्र मागे राहिली. पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून तिने माझ्यापुढे धरला. "बाई, ह्यात काय लिवलंय ते सांगा. पोरगी कालधरनं नीट जेवली नाय."

कागद तिच्या मुलीच्या शाळेतून आला होता. मुलगी दहावीत. सराव परीक्षेनंतर शाळेत 'करिअर मार्गदर्शन' झाले होते आणि प्रत्येकाला असा एकेक अहवाल मिळाला होता. वर मुलीचे गुण होते, मराठी ९१ आणि गणित ८४. खाली ठिपक्यांचा एक आलेख होता. त्याखाली छापले होते की या वर्गात भाषा आणि गणित यांच्यात 'ऋण सहसंबंध' आढळला असून सदर विद्यार्थिनीचा कल स्पष्टपणे भाषेकडे आहे, सबब कला शाखेची शिफारस करण्यात येते.

त्याच वर्गात शेजारच्या वाडीतला एक मुलगा आहे. त्याला मराठीत ७०, गणितात ८२. त्याच्या कागदावर 'विज्ञान शाखा' अशी शिफारस होती. मुलीला गणितात त्याच्यापेक्षा दोन गुण जास्त आहेत. तरी तो गणिताचा आणि ती भाषेची! तिचा गुन्हा एवढाच की तिला मराठीही चांगले येते.

मैत्रिणींनो, मी रत्नागिरी तालुक्यात अनेक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. बी.एड.च्या अभ्यासात सहसंबंध गुणांकाचे सूत्र आम्ही सगळ्यांनीच पाठ केले, परीक्षेत त्याचे गणित सोडवले आणि गुण मिळवले. ते सूत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. आता तेच सूत्र संगणकातून बाहेर पडून आमच्या मुलींच्या अंगावर येते आहे. समोर आकडा आला की आई-बाप गप्प होतात. मास्तरांच्या मताशी वाद घालता येतो, पण दशांश चिन्हाशी वाद घालायची आपल्याला सवय नाही. म्हणून हा लेख. यात थोडे गणित आहे, पण कंटाळू नका. किराण्याच्या दुकानातला हिशोब ज्या बाईला येतो तिला हेही समजेल.

सहसंबंध म्हणजे काय? एका वर्गातल्या मुलांना मराठीच्या गुणांप्रमाणे ओळीत उभे करा. मग त्याच मुलांना गणिताच्या गुणांप्रमाणे उभे करा. दोन्ही रांगांत साधारण तीच मुले पुढे आणि तीच मागे असतील, तर सहसंबंध धन आहे. रांग पूर्ण उलटी झाली तर ऋण. काहीच मेळ नसेल तर शून्याच्या आसपास. आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. एवढेच.

शाळेतल्या विषयांना हे माप लावण्याचे प्रसिद्ध काम चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली प्रसिद्ध केले. आपल्या बी.एड.च्या पुस्तकात श्रेणी सहसंबंधाच्या सूत्राला ज्याचे नाव आहे तोच हा. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या गुणांवरून त्याने जो तक्ता मांडला, त्यात ग्रीक-लॅटिन आणि गणित यांचा सहसंबंध ०.७० होता, इंग्रजी आणि गणित यांचा ०.६४, फ्रेंच आणि गणित यांचा ०.६७. सगळे धन. म्हणजे भाषेत पुढे असलेली मुले बहुधा गणितातही पुढेच होती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे देशोदेशी असे तक्ते मांडले गेले आणि शालेय विषयांचे सहसंबंध सर्वसाधारणपणे धनच येत राहिले. 'भाषेचा मेंदू वेगळा, गणिताचा मेंदू वेगळा, एक भरला की दुसरा रिकामा' या समजुतीला या आकड्यांत आधार नाही.

मग आमच्या ताईच्या कागदावर ऋण आकडा आला कुठून? आकडा खोटा नव्हता. मी स्वतः करून पाहिला. पण तो कुणाकुणाचा काढला, ते पाहिले पाहिजे. तो फक्त 'अ' तुकडीचा होता. त्या शाळेत नववीच्या एकूण गुणांवरून दहावीच्या तुकड्या पाडतात. आता बघा. समजा, 'अ' तुकडीत यायला मराठी आणि गणित मिळून १५० गुण लागतात. ज्याला मराठीत ९० आहेत, तो गणितात ६० मिळवूनही आत येतो. ज्याला मराठीत ७० आहेत, त्याला मात्र गणितात ८० लागतात. ज्याला दोन्हीकडे ६० आहेत, तो बाहेर. म्हणजे मराठीत थोडी कमी पण तरी आत आलेली मुले गणितात वर असणारच. त्याशिवाय ती आत आलीच नसती. दोन्हीकडे कमी असलेली सगळी मुले 'ब' आणि 'क' तुकडीत गेली. आत जी उरली त्यांचा आलेख काढला की एक वाढले तर दुसरे घटते असे दिसू लागते. हा मुलांच्या डोक्याचा गुण नाही, चाळणीचा आहे. मोठ्या भोकांच्या चाळणीतून तांदूळ चाळायचे, खाली कण्या पडल्या म्हणजे तांदूळच बारीक होता म्हणायचे, तसला हा प्रकार.

आम्ही नुसते बोलून थांबलो नाही. शाळेच्या फलकावर तिन्ही तुकड्यांचे सराव परीक्षेचे गुण लावलेले होते. गटातल्या मुलींनी ते वहीत उतरवून आणले, नावे सोडून. माझ्या पडवीत बसून आलेख-कागदावर एकेक ठिपका मांडला. 'अ' तुकडीचे ठिपके निळ्या पेनने, बाकीचे लाल. निळे ठिपके खरोखरच डावीकडून उजवीकडे उतरत होते. पण सगळे ठिपके एकत्र पाहिले तर ते सरळ वर चढत होते. ज्यांना मराठी बरे त्यांना गणितही बरे. चित्र पुरे झाल्यावर सातवी शिकलेल्या एका बाईने विचारले, "मग शाळेने फक्त निळेच का मांडले?" यावर शाळेचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आता दुसरा मुद्दा. सहसंबंधाने दोन विषयांतल्या क्षमतांची तुलना होतच नाही. पाच मुली घ्या. त्यांचे मराठीचे गुण ९०, ८४, ७८, ७०, ६२. गणिताचे ६०, ५४, ४८, ४०, ३२. प्रत्येकीला गणितात बरोबर ३० गुण कमी. सहसंबंध किती? पूर्ण एक! याहून मोठा असूच शकत नाही. म्हणजे त्या पाचही जणी दोन्ही विषयांत सारख्याच हुशार झाल्या का? की पाचही जणी गणितात कच्च्या? यातले काहीच तो आकडा सांगत नाही. गणिताचा पेपर अवघड असेल, तपासणी कडक असेल, किंवा वर्षभर शिक्षकच नसतील. कोकणातल्या किती शाळांत गणिताचे शिक्षक महिनोन्‌महिने मिळत नाहीत ते आपल्याला माहीत आहे. सहसंबंध फक्त रांग बघतो. रांग उंचावर उभी आहे की खड्ड्यात, ते त्याला दिसत नाही.

तेव्हा मराठीतल्या ९१ ची गणितातल्या ८४ शी वजाबाकी करून 'कल' काढणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. दोन वेगवेगळ्या मापांची वजाबाकी होत नाही. पायलीतून वार वजा होतो का? तुलना करायचीच तर दोन्ही विषयांत त्या मुलीचा वर्गात कितवा क्रमांक लागतो, ते पाहा. आमच्या ताईच्या मुलीचा तीन तुकड्यांत मिळून मराठीत दुसरा आणि गणितात चौथा क्रमांक होता. जिचा गणितात चौथा नंबर, तिला तुम्ही कागदावर शिक्का मारून सांगता की गणित तुझे नव्हे!

मुलींच्या बाबतीत हे वरचेवर का घडते, यावर बाहेरच्या जगात बराच अभ्यास झाला आहे. हर्बर्ट मार्श या ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक गोष्ट मांडली. मुलांचे भाषेचे आणि गणिताचे गुण एकमेकांशी चांगले जुळतात. पण 'मी भाषेत हुशार आहे' आणि 'मी गणितात हुशार आहे' या त्यांच्या स्वतःबद्दलच्या समजुती मात्र एकमेकींशी जवळजवळ जुळत नाहीत. कारण मूल दोन तुलना करते. एक इतरांशी आणि दुसरी स्वतःच्याच दोन विषयांची. दुसऱ्या तुलनेत जिचे मराठी फार चांगले तिला आपले चांगले गणितही फिके वाटू लागते. २०१९ साली थॉमा ब्रेदा आणि क्लोटिल्ड नाप या फ्रान्समधल्या अभ्यासकांनी ६४ देशांतल्या पंधरा वर्षांच्या सुमारे ३ लाख मुलामुलींची माहिती तपासली. गणितात सारखीच गती असलेल्या मुलामुलींत मुली गणिताच्या वाटेला कमी का जातात? त्यांना सापडलेले मोठे कारण हे की मुली वाचनात मुलांच्या पुढे असतात आणि म्हणून स्वतःला 'भाषेच्या' समजतात. पाहा, मुली गणितात कमी पडतात म्हणून गळत नाहीत. दुसरीकडे जास्त चमकतात म्हणून गळतात. मुलाला एकच वाट जमते, म्हणून तो त्या वाटेवर 'हुशार' ठरतो. मुलीला दोन जमतात, तर तिच्या हातून मोबदला जास्त असलेली एक काढून घ्यायची!

ही समजूत मुलगी एकटी तयार करत नाही. घर, शाळा, नातेवाईक सगळे मिळून तयार करतात. शाळेचा छापील अहवाल तिच्यावर फक्त शास्त्राचे शिक्कामोर्तब करतो.

रत्नागिरीकरांना तर हा इतिहास ठाऊक असायला हवा. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक स्वतः गणित घेऊन पदवीधर झाले आणि त्यांनी गणित शिकवलेही. पण १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र शिकवण्यावर त्यांच्या वृत्तपत्रांनी कडाडून टीका केली. मुलींनी घरसंसाराला उपयोगी तेवढे शिकावे, हा त्यामागचा विचार. महर्षी कर्वे १८५८ साली याच जिल्ह्यातल्या शेरवलीत जन्मले, दापोलीजवळच्या मुरूडला वाढले आणि फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. विधवांसाठी आणि मुलींसाठी त्यांनी जे केले त्याचे ऋण आपण कधी विसरणार नाही. पण १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा तिथे गृहजीवनाचे विषय आवश्यक ठरले आणि गणित ऐच्छिक. एकाच जिल्ह्यातले दोन गणिती. एकाने दार उघडायला विरोध केला, दुसऱ्याने दार उघडले, पण त्या दाराआडही गणित सक्तीचे नव्हते. आपल्या मोठ्या माणसांचा आदर ठेवूनही हे बोलले पाहिजे.

मी स्वतः जुन्या अकरावीची, १९७५ च्या आधीची. आठवीत असताना वडिलांना शाळेतून सल्ला मिळाला होता की पोरीला बीजगणित-भूमितीचा त्रास कशाला देता. आईने हट्ट धरला म्हणून मी वाचले. आईला स्वतःला अंगठ्याशिवाय सही येत नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हंसा मेहता समितीने सांगितले की मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळे अभ्यासक्रम नकोत. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ते उचलून धरले आणि दहावीपर्यंत गणित-विज्ञान सर्वांना आवश्यक करा म्हणून शिफारस केली. त्या लढाईमुळे पुढच्या मुलींना दहावीपर्यंत गणित मिळाले. आता दहावीच्या उंबऱ्यावर त्यांना परत वळवायचे, तेही आलेखाच्या आधाराने?

आणि आमच्या मुली काही काठावर पास होत नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून २०१२ पासून कोकणचे वेगळे विभागीय मंडळ आहे. दहावीच्या निकालात हा विभाग राज्यात सतत पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. राज्यात २०२५ ला ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. दर वर्षी वर्तमानपत्रात मथळा येतो, 'यंदाही मुलींची बाजी'. बाजी मारलेल्या मुली अकरावीला कुठे जातात, याचा मथळा मात्र येत नाही. त्यातच २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात नवीन गोष्ट आली. गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, पण हे विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर पडेल. नापासाच्या धक्क्यातून मूल वाचावे हा हेतू चांगला आहे. पण घरात एकच क्लासची फी भरता येत असेल, तर ती कुणाची भरली जाईल? 'तुला काय, वीस मिळाले तरी बस्स' हे मुलाला ऐकवले जाईल की मुलीला? याचे उत्तर प्रत्येकीने आपापल्या घरात पाहावे.

स्पिअरमननेही आपल्या धन आकड्यांवरून एक उडी मारली होती. सगळे विषय एकत्र चढतात-उतरतात, तेव्हा त्यांच्यामागे एकच सर्वसाधारण बुद्धिशक्ती असली पाहिजे, असे तो म्हणाला. गॉडफ्रे थॉमसन या दुसऱ्या अभ्यासकाने १९१६ मध्ये दाखवले की अशी एक शक्ती न मानताही तसेच आकडे येऊ शकतात. आपल्याला त्यांच्या वादात खोल शिरायला नको. आपल्या घरातले कारण आपल्याला दिसते. जिच्या घरी संध्याकाळी दिवा आणि बसायला कोपरा आहे, तिचे मराठीही चढते आणि गणितही. जी पाण्याला जाते, धाकट्याला सांभाळते, भाकऱ्या थापते, तिचे दोन्ही उतरते. त्यातही एक फरक शिक्षिका म्हणून मी वर्षानुवर्षे पाहिला. कविता चुलीपुढे बसून घोकता येते, धडा कपडे धुताना आठवता येतो. भूमितीचा प्रमेय मात्र कागद, पेन्सिल आणि न मोडलेला एक तास मागतो. मुलीला नेमका तो तास मिळत नाही. तिच्या गणिताचे सात गुण जिथे गेले त्या जागेला 'कल' असे नाव नाही. त्या जागेला घरकाम म्हणतात.

काही मैत्रिणी मला विचारतात की, बाई, कला शाखा काय कमी आहे का? मुळीच नाही. या मासिकात लिहिणाऱ्या निम्म्याअधिक जणी भाषा आणि समाजशास्त्र शिकलेल्या असतील. पण मग शेजारच्या वाडीतल्या त्या मुलाला कला शाखा सुचवली का गेली नाही? कला शाखा एवढी मोलाची असेल तर ती मुलांनाही सुचवा. आणि मुलीला स्वतःलाच मराठी जास्त आवडत असेल तर? तर तिने खुशाल मराठी घ्यावे. पण तिला ते आवडते म्हणून घ्यावे. गणित आपले नव्हे, अशी खोटी साक्ष कुणी तिच्यापुढे उभी केली म्हणून नव्हे. निवड आणि माघार यांत फरक आहे.

तेव्हा आपल्या गटांनी काय करायचे? आपल्या भागातल्या शाळांत असे अहवाल वाटले जात असतील तर ते मागून घ्या आणि चार प्रश्न विचारा. हा आकडा कोणत्या मुलांवरून काढला, सगळ्यांवरून की निवडलेल्या तुकडीवरून? दोन विषयांचे गुण थेट वजा केले की आधी क्रमांकात मांडले? गणितात एवढेच गुण असलेल्या मुलांना कोणती शिफारस केली? आणि हे सगळे मुलीला समजावून सांगितले का, की नुसता कागद हातात दिला? शिक्षक-पालक संघाच्या सभेला बाया जातात, पण मागे बसतात. हे प्रश्न पुढे बसून विचारा. उत्तर नाही मिळाले तर लेखी मागा. बी.एड. महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणींनी सूत्राबरोबर त्या सूत्राची मर्यादाही शिकवावी. परीक्षेत तो प्रश्न घालावा, म्हणजे तरी विद्यार्थी तो वाचतील.

ताईची मुलगी आणि मी तो निळ्या-लाल ठिपक्यांचा कागद घेऊन शाळेत गेलो. मुलीनेच तो टेबलावर पसरला आणि समजावून सांगितला. मी एक शब्द बोलले नाही. समोरच्या सरांनी बराच वेळ कागदाकडे पाहिले, मग म्हणाले, "अहवाल काय, फक्त मार्गदर्शनासाठी असतो." मुलगी म्हणाली, "मग सर, माझ्यावरचा शिक्का काढून द्या." शिक्का काढून मिळाला नाही. पण घरी येताना तिने रस्त्यात वडापाव खाल्ला आणि आईला सांगितले की अकरावीला काय घ्यायचे ते मी ठरवीन. काय ठरवलेस, असे मी अजून विचारलेले नाही. ते विचारणे माझे काम नव्हे.